दोघांची एक हाक

मार्गशीर्षातल्या सकाळी नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घराच्या पायरीवर ऊन जरा उशिराच उतरतं. आधी शेजारच्या गच्चीवरच्या टाकीला लागतं, मग कढीपत्त्याच्या पानांतून गाळून निघतं, आणि त्याचा तो पातळ, पिवळसर पट्टा उंबऱ्याशी पोचतो न पोचतो तोच आतून, मोहरीच्या तडतडण्यावर मात करीत, एक हाक येत असे. "अहोऽ." तिच्यातला 'अ' जवळजवळ गिळलेला, 'हो' मात्र सावकाश खालून निघायचा, चढत चढत वर जायचा, तिथे क्षणभर थांबायचा आणि एक लहानसा झोका घेऊन संपायचा. ही माझ्या पत्नीची, शैलाची हाक. गाणं ती कधी शिकली नाही, तिला शिकवायला कुणी बसवलंही नाही. पण त्या दोन अक्षरांत ती रोज सकाळी जे काही गाऊन जायची, त्याची बरोबरी मला रेडिओवरच्या भल्याभल्यांत सापडली नाही.

आमच्या लग्नाला आता खूप वर्षं झाली, पण माझं नाव तिने घेतलं ते एकदाच, लग्नाच्या पंगतीत, उखाण्यात. तेही इतकं पुटपुटत की माझ्या आत्याने "ऐकू नाही आलं, पुन्हा घे" म्हणून तिला छळलं. त्यानंतर मी कायमचा 'अहो' झालो. चहा तयार आहे, दूध नासलं, पाहुणे दारात उभे आहेत, तुमचा सदरा उलटा आहे, मला आज उगाचच उदास वाटतंय, असं सगळं त्या एका शब्दाच्या चढउतारात मावत असे. अंबडच्या एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासण्यात माझी हयात गेली. तिथे सगळी भिस्त डोळ्यांवर. घरी मात्र नुसत्या कानाने मापं घ्यावी लागत. 'हो' लांबला की चहा, आखडला की माझं काहीतरी चुकलंय, एवढं मला पहिल्या वर्षातच समजलं होतं.

कुत्रा आमच्या घरी आला तो अनघामुळे. अनघा म्हणजे आमची एकुलती लेक. एके दिवशी कॉलेजातून येताना तिने ओढणीत गुंडाळून एक तपकिरी पिल्लू आणलं, त्याचं नाव ब्रुनो ठेवलं, त्याच्यासाठी निळं भांडं आणलं, आणि वर्षभरात नोकरी लागून पुण्याला निघून गेली. लेकींचं हे बरं असतं. शैलाने आधी सगळा विरोध करून घेतला. "मला नाही हं जमणार. केस गळतात, अंगणात घाण होते, आणि गावाला जायचं म्हटलं की पंचाईत." एवढं बोलून झाल्यावर ती आत गेली आणि आपल्या जुन्या सुती साडीची चौघडी घालून त्याचं अंथरूण घेऊन बाहेर आली.

ब्रुनो हे नाव त्या पिल्लाला कधी कळलंच नाही. आम्ही हाका मारून दमलो. ते आपलं चपलेशी झटापट करीत बसे. याला ऐकू येत नाही की काय, अशी शंका मला यायला लागली. मग एका सकाळी शैलाने आतून नेहमीची हाक दिली, "अहोऽ, चहा." मी न्हाणीघरात होतो. डोकं पुसत बाहेर येऊन पाहतो तर माझ्या खुर्चीपाशी, माझ्या कपासमोर, हे चिरंजीव कान ताठ करून बसलेले. त्याचा हिशोब अगदी बिनचूक होता. या घरात दिवसभर एकच शब्द ऐकू येतो, आणि तो ऐकू आला की मागून काहीतरी खायला येतं, तेव्हा तो शब्द म्हणजे आपलंच नाव. शैला इतकी हसली की भिंतीला धरून खाली बसली. "अगं बाई, यांनी तर तुमची जागाच घेतली!"

आता 'अहो' हा शब्द काही एकटा येत नाही, आपल्यामागे सगळं व्याकरण घेऊन येतो. ज्याला 'अहो' म्हणायचं त्याला 'ये' आणि 'बस' कसं म्हणणार? तेव्हा कुत्र्यालाही आदरार्थी बहुवचन लागलं. "अहो, पाय पुसून आत या." "अहो, सोफ्यावर चढू नका, कितीदा सांगायचं?" एकदा तिने खिडकीतून "अहो, तुळशीपाशी नका ना हो करू!" असा ओरडा केला, आणि पलीकडच्या वहिनी पुढे कितीतरी दिवस माझ्या नजरेला नजर देईनात. मी तिला म्हटलं, बाई गं, निदान त्याला तरी 'अरे' म्हण. ती म्हणाली, "मला नाही येत तसं. तोंडाला वळणच नाही." मग हाक आली की आम्ही दोघेही उठायचो आणि स्वयंपाकघराच्या दारात एकमेकांकडे पाहात उभे राहायचो, काम कुणाकडे आहे ते तिने सांगेपर्यंत दोघांच्याही चेहऱ्यांवर एकसारखाच आज्ञाधारकपणा असायचा.

या गोंधळात मी एकदा जंताची गोळी खाल्ली. ती गोळी चुरून, पोळीच्या लाडवात तूप घालून वळायची, म्हणजे कडू लागत नाही. मी वर्तमानपत्रात डोकं घालून बसलो होतो. "अहो, घ्या," असं कानावर आलं, हात पुढे केला, घेतलं आणि खाऊन टाकलं. लाडू बरा झाला होता. शैला कपाळाला हात लावून म्हणाली, "तुम्ही नाही हो! ते, ते अहो!" आमचे जनावरांचे डॉक्टर तरुण आणि थट्टेखोर. मी घाबरून फोन केला तर ते आधी मनसोक्त हसले आणि मग म्हणाले, "काही होत नाही काका. असलेच तर तुमचेही जातील." पुढे कितीतरी दिवस मी दवाखान्यात पाऊल टाकलं की ते माझ्याकडे पाहून आधी हसून घेत.

पण त्या कुत्र्याच्या प्रकृतीकडे तिचं जे लक्ष होतं, ते पाहताना मला तिचे हात पुन्हा नव्याने दिसायला लागले. रविवारी पायरीवर ऊन आलं की ती फणी, ओला फडका आणि चिमटा घेऊन बसायची. आधी कान उलटा करून त्याचा वास घ्यायची, सकाळची डाळ संध्याकाळी वाढण्याआधी हुंगून पाहावी तशाच गंभीरपणे. आंबूस वास आला की आत काहीतरी बिघडलंय. मग ओठ वर करून हिरड्यांचा रंग पाहायची, पंजाच्या गाद्या हलकेच दाबायची, बोटांच्या बेचक्यांत फुंकर घालून केस बाजूला करायची. गोचीड सापडली की चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढायची; पिळायची नाही, चिरडायची नाही, साबणाच्या पाण्यात टाकून द्यायची. तो बिचारा डोळे मिटून, तिच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून सगळं करून घेई, आणि ऊन त्याच्या पाठीवरून तिच्या मनगटावर, मनगटावरून बांगड्यांवर सरकत राही. मी म्हटलं, "माझ्या कानात एवढं कधी डोकावली नाहीस." ती मान वर न करता म्हणाली, "काय उपयोग? तुम्हाला कुठे काय ऐकू जातं!"

नाशिकात कुत्रं सांभाळायचं म्हणजे त्याला द्राक्षांपासून सांभाळायचं. माघ लागला की दिंडोरीकडचा माझा मामेभाऊ पेटी घेऊन येतो, आणि मणी जमिनीवर घरंगळायचा अवकाश, खाली याचं तोंड तयार. द्राक्ष काय, बेदाणा काय, कुत्र्याची मूत्रपिंडं त्यापायी जाऊ शकतात, हे डॉक्टरांनी तिला सांगितलं त्या दिवसापासून आमच्या घरी द्राक्षं जेवणाच्या टेबलाशी बसून, खाली न सांडता, लहान मुलांसारखी खावी लागत. मामेभावाच्या मनाला ते लागायचं. "वहिनी, आपल्या बागेतली हायेत, लय गोड. एक दिल्यानं काय व्हतंय त्याला?" "भाऊजी, तुम्ही खा पोटभर," ती म्हणायची, "पण यांना एकही नाही." आणि तो गेल्यावर हातात कंदिलासारखी मोबाइलची बत्ती धरून सोफ्याखाली, कपाटाखाली ओणवी होऊन पाहायची. तेव्हा तिचे गुडघे दुखत असत आणि ती ते कुणाला सांगत नसे.

एका चैत्रात, कढीपत्त्याला नवी पालवी फुटली होती तेव्हा, ती त्या झाडाच्या मुळाशी वाकून बराच वेळ काहीतरी पाहात राहिली. "अहो, मुंग्या लागल्यात." मी जागेवरूनच म्हटलं, साखरेचा डबा उन्हात ठेव. "डब्याला नाही. यांनी जिथे केलंय, तिथे." त्याची तहान वाढली होती, भांडं भरलं की रिकामं होत होतं, आणि भरपूर खाऊनही पाठीचा कणा हाताला लागायला लागला होता, ते सगळं मीही पाहात होतो, पण मला ते उन्हाळ्याचं वाटलं. तिच्या वडिलांना मधुमेह होता. मोरीशी लागलेल्या मुंग्या तिने माहेरी लहानपणी पाहिल्या होत्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि ती म्हणाली होती तेच निघालं. दवाखान्यातून येताना रिक्षात ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि घर आल्यावर एवढंच म्हणाली, "आता शिकायला पाहिजे."

मग ती इन्सुलिनचं इंजेक्शन द्यायला शिकली, आधी मोसंब्यावर. पहिले काही दिवस आमच्या घरी सगळी मोसंबी टोचलेली असत. बाटली हलवायची नाही, दोन तळव्यांत धरून अलगद फिरवायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. निरांजनासाठी वात वळणाऱ्या हातांना ते वेगळं शिकवावं लागलं नाही. आधी जेवण, मग सुई. पोटात अन्न नसेल तर सुई नाही, नाहीतर साखर एकदम उतरते आणि जीवाशी येतं. हे तिने इतक्या वेळा बजावलं की मला झोपेतही म्हणता आलं असतं. सकाळी उन्हाच्या पहिल्या पट्ट्याला आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर ती निळं भांडं खाली ठेवायची, हाक द्यायची, त्याचं खाऊन होईपर्यंत शेजारी बसायची, मग मानेमागची कातडी चिमटीत धरून वर उचलायची आणि त्या लहानशा तंबूत सुई सारायची. "झालं हं. झालं, झालं. अहो, झालं ना!" तो मुळीच कुरकुरत नसे, ओठ दाताखाली धरलेला असायचा तो तिचा.

पुढे त्या रोगाने त्याचे डोळे नेले. आधी बुबुळांवर धुकं आलं, मग ती दुधासारखी पांढरी झाली. तो कपाटाला धडकायला लागला, दाराच्या चौकटीपाशी थबकून उभा राहायला लागला, आणि अंधार कुठून आला हे न कळून आमच्याकडे तोंड करून बसायला लागला. शैलाने तेव्हा घरातली एकही वस्तू हलू दिली नाही, आणि ती हाक जरा आणखी लांबवायला लागली. 'हो' जितका वेळ हवेत तरंगे तितका वेळ त्याला चालायला वाट असे. त्या आवाजाच्या मागोमाग, एकेक पाऊल टाकत, तो बरोबर भांड्यापाशी येऊन पोचायचा. ते पाहताना मी उगाचच चष्मा पुसत बसायचो.

पौषातली एक दुपार होती. ती स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती, मी बाहेर वाचत होतो, दारात तो पसरला होता. आतून 'अ' आला. 'हो' आला नाही. मी वर्तमानपत्र हातात धरून 'हो'ची वाट पाहात राहिलो. त्यानेही मान वर केली आणि तोही वाट पाहात राहिला. त्याचा धीर आधी सुटला. तो भुंकला तेव्हा मी धावलो. हिरवे दाणे सगळ्या फरशीभर पसरले होते आणि ती भिंतीला टेकून, एका अंगावर कलून, माझ्याकडे बघत होती. तोंड हलत होतं. शब्द नव्हता.

मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. वेळेत आणलंत म्हणून वाचल्या, असं इस्पितळात म्हणाले. उजवा हात लुळा पडला, तो व्यायामाने सुधारेल. सगळं समजतंय, ओळखतायत, तेही ठीक. पण बोलण्याची जागा दुखावली आहे, शब्द परत येतील तेव्हा येतील, किती येतील सांगता येत नाही. तिच्या तोंडून एकच शब्द निघायचा: 'चावी'. पाणी हवं असलं तरी चावी, उशी सरकवायची असली तरी चावी. आपण चुकीचं बोलतोय हे तिला कळायचं, आणि मग ती डाव्या हाताने कपाळ बडवायची. अनघा पुण्याहून आली ती आईच्या उशाशीच बसली. कुत्र्याने अन्न सोडलं होतं, म्हणून त्याला त्याच्या डॉक्टरांनी आपल्याकडे ठेवून घेतलं. मी सकाळी एका दवाखान्यात आणि दुपारी दुसऱ्या दवाखान्यात जायचो, आणि दोन्हीकडे मला कुणी हाक मारत नव्हतं.

दोघेही एकाच दिवशी घरी आले. डॉक्टरांनी त्याला गाडीतून उतरवून दिलं आणि यावेळी थट्टा केली नाही. "काका, स्पष्ट सांगतो. माझ्याकडे सलाइनवर धरून ठेवला. पण हे असं नाही चालणार. घरी खायला लागला तर जगेल. खाल्लं नाही तर सुई देता येणार नाही, आणि सुई नाही तर हातात फार दिवस नाहीत." शैला आतल्या वेताच्या खुर्चीत बसली होती, तिला ते ऐकू गेलं. तिने डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या पद्धतीने दलिया शिजवला, त्यात दुधी किसून घातला, उकडलेलं अंडं कुस्करलं, बोट घालून गरम आहे का पाहिलं, आणि निळं भांडं नेहमीच्या जागी, स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलं. तो तिच्या पायाशी पडला होता. वासाने त्याने तिला ओळखलं होतं. रात्रभर तिथून हलला नव्हता. मी भांड्याशेजारी स्टूल घेऊन बसलो आणि हाक मारली. "ब्रुनो." काही नाही. "बाळा." काही नाही. "ए राजा, ये रे, खाऊन घे." कान हलले नाहीत. भांडंच उचलून त्याच्या नाकाशी नेलं तर त्याने तोंड फिरवलं आणि तिच्या दिशेला वर करून धरलं. जिच्या पायांपाशी तो पडला होता ती इथेच होती, तर मग ती आपल्याला बोलावत का नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि ते त्या आंधळ्या डोळ्यांत इतकं स्वच्छ दिसत होतं की मला तिथे पाहवेना; मी भांडं परत दाराशी ठेवलं आणि स्टुलावर जाऊन बसलो.

शैलाने प्रयत्न केला. तिने श्वास घेतला, ओठ जमवले, गळ्याची शीर ताणली गेली. "चा... चावी," ती म्हणाली. मग पुन्हा, मोठ्याने, "चावी!" आणि डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटून रडायला लागली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रडली.

"बाबा," अनघा म्हणाली, "तुम्ही म्हणा."

"काय म्हणू?"

"आई म्हणायची ते."

"मी? मी कुत्र्याला अहो म्हणू?"

"आई म्हणायचीच ना."

"तिचं वेगळं आहे. ती मला म्हणायची, त्याने ते ढापलं." मी हे बोललो खरा, पण माझी मान वर होईना. तो शब्द माझा होता. तो मी ऐकायचा होता, उच्चारायचा नव्हता. आपल्याच नावाने आपण दुसऱ्या कुणाला हाक मारावी, तशी मला लाज वाटत होती.

"तो मरेल हो, बाबा," अनघा म्हणाली.

मी घसा साफ केला. "अहो," मी म्हटलं. माझ्या तोंडून तो शब्द बसमधल्या माणसाला 'जरा सरका' म्हणावं तसा निघाला. त्याचा एक कान उभा राहिला, डुगडुगला आणि खाली पडला. पण खुर्चीतून 'च्यक्' असा आवाज आला. शैला रडायची थांबली होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी भाजीत मीठ जास्त घातल्यावर तिच्या कपाळावर जी आठी पडायची, अगदी तीच आठी तिच्या कपाळावर होती.

"अहो," मी पुन्हा म्हटलं. तिने मान हलवली, नाही. डावा हात वर केला आणि बोटं जुळवून हवेत खालून वर नेली, सावकाश, आणखी वर, आणि तिथे थांबवली. मी म्हटलं, "अहोऽ." छे. तिने हात झटकला. बायका शिकवायला बसल्या की किती कडक होतात! मग तिने डोळे मिटले आणि तोंड बंद ठेवूनच गळ्यातून एक सूर काढला. शब्द नव्हता त्यात. नुसती चाल होती. खालून निघाली, चढत गेली, वर थांबली, आणि शेवटी तो लहानसा झोका. इस्पितळात कुणी तिला गुणगुणायला सांगितलंच नव्हतं. बोलणं गेलं होतं, चाल जागच्या जागी होती.

"बाबा, आता," अनघा हळूच म्हणाली. "आईबरोबर."

शैलाने पुन्हा सूर धरला, आणि मी त्यात तो शब्द ठेवला. 'अ' मी गिळला. 'हो' तिच्या सुराला धरून वर गेला, तिच्या हाताबरोबर वर थांबला. माझा आवाज चिरकला, तिचा चिरकला नाही, आणि झोका आम्ही दोघांनी मिळून घेतला.

तो उठला. पुढचे पाय थरथरत होते, बरगड्या दिसत होत्या. त्याने हवेत नाक फिरवलं, एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे. हाक दोन ठिकाणांहून कशी आली हे त्याला उमगेना. अनघाने तोंडावर हात धरला होता. शैलाने पुन्हा सूर दिला, मी पुन्हा शब्द दिला, आणि तो त्या वाटेने चालत निघाला. खुर्चीच्या पायाला खांदा घासला, दाराची चौकट नाकाने तपासली, भांड्याचा काठ लागला. तो बराच वेळ नुसता हुंगत राहिला. मग त्याने एक घास घेतला. मग दुसरा. त्या लपलप आवाजाएवढं सुंदर मी त्या पौषात दुसरं काही ऐकलं नाही.

भांडं चाटून झालं तेव्हा मी फ्रिजमधून बाटली आणली, तळव्यांत फिरवली, मात्रा भरून अनघाकडून दोनदा तपासून घेतली. कातडी चिमटीत धरली तेव्हा मी शैलाकडे पाहिलं. तिने खालचा ओठ दाताखाली धरला होता. "झालं हं," मी म्हटलं, "झालं, झालं." आणि खरंच झालं.

सुई झाकून मागे वळलो तर माझं स्टूल भिंतीशी आडवं पडलेलं. "हे कुणी पाडलं?" मी जरा चढ्याच आवाजात विचारलं, आंधळा जीव घरात फिरतोय, वस्तू जागच्या जागी नकोत का?

"तुम्ही," अनघा म्हणाली. ती डोळे पुसत हसत होती. "आईबरोबरची पहिली हाक पुरी झाली आणि तुम्ही ताडकन उभे राहिलात, बाबा. तो उठायच्या आधी."

"काहीतरीच."

"आईला विचारा."

शैला हसत होती. तोंडाची उजवी बाजू जरा मागे राहिली होती, पण हसण्याचा आवाज सबंध होता. भिंतीला धरून खाली बसायला लावणारा तो तिचा जुना आवाज. कुत्र्याने शेपूट एकदा जमिनीवर आपटली. बाहेर ऊन पायरीपर्यंत आलं होतं, आणि मी ते स्टूल उचलायचं सोडून तिच्याकडे पाहात राहिलो.

काळ कुणाचं काय नेईल ते विचारून नेत नाही. त्याची नजर नेली, तिचा शब्द नेला, आणि आम्हा तिघांत पुढे कोण कुणाला सोडून जाईल, हे मला ठाऊक नाही. पण त्या सकाळी हाक मारणारा मी होतो, आणि ती बोलावतेय म्हणून सगळ्यात आधी उठलो होतो तोही मीच.